सिग्नल पूर्ण, आवाज तुकड्यातुकड्यांत: सिमलकास्ट विकृतीचं एक प्रकरण

माझा मावसभाऊ मिनेसोटात, ट्विन सिटीजच्या एका उपनगरात राहतो. उन्हाळ्यातली वादळं, टॉर्नेडोचे भोंगे, अग्निशमन दलाची धावपळ, हे सगळं रेडिओवर ऐकता यावं म्हणून त्यानं घरी एक छोटा संच उभा केला: रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), खिडकीच्या काचेला चिकटवलेली वीतभर अँटेना आणि ट्रंक-रेकॉर्डर हे मोफत सॉफ्टवेअर. काउंटीची ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातली यंत्रणा आर्मर या राज्यव्यापी जाळ्याचा भाग आहे. तिथे प्रोजेक्ट २५, म्हणजे पी२५ या डिजिटल रेडिओ मानकाचा पहिला टप्पा चालतो आणि अग्निशमनाचे बरेच संभाषण-गट कूटबद्ध नाहीत. ते घरी बसून ऐकायला तिथला कायदा आड येत नाही. (भारतात पोलीस किंवा सरकारी खात्यांचं दळणवळण असं परवान्याशिवाय ऐकता येत नाही, त्यामुळे हे वाचून कुणी इथे प्रयोग करू नये.)

त्याचा पहिला निरोप असा होता: "दादा, सिग्नल फुल आहे. नॉइजच्या ३५ डीबी वर. तरी आवाज रोबोटसारखा येतो, मधेच गडप होतो. अ‍ॅम्प्लिफायर पण लावून बघितला, काही फरक नाही."

अ‍ॅम्प्लिफायर लावूनही फरक पडत नाही, हीच या दुखण्याची, सिमलकास्ट विकृतीची (अनेक टॉवरांवरून येणारा एकच सिग्नल एकमेकांत मिसळून बिघडण्याची) पहिली खूण. सिग्नल कमकुवत असता तर अ‍ॅम्प्लिफायरनं थोडं तरी सुधारलं असतं किंवा निदान बिघाडाचं रूप बदललं असतं. इथे ताकद भरपूर होती आणि आकार मोडलेला होता. असा मोडलेला आकार कितीही वाढवला तरी मोडलेलाच मोठा होतो.

दुसरी खूण ट्रंक-रेकॉर्डरच्या पडद्यावर होती. पी२५ च्या कंट्रोल चॅनेलवर (कुठला गट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतोय ते सांगणाऱ्या चॅनेलवर) संदेशांचा प्रवाह अखंड चालू असतो. तीन संदेशांचं एक पाकीट सिंक (सुरुवात ओळखायची ठरलेली खूण), पत्ता आणि स्थितीचे बिट धरून ७२० बिटांचं होतं. वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे एका पाकिटाला ७५ मिलिसेकंद आणि सेकंदाला ४० संदेश. हे सॉफ्टवेअर दर सेकंदाला किती संदेश शाबूत उतरले ते दाखवत राहतं. चांगल्या जागी आकडा चाळिसाच्या आसपास स्थिर असतो. भावाच्या पडद्यावर तो काही सेकंद पस्तिशीत, मग एकदम पाचावर, पुन्हा वर असा हेलकावत होता. सिग्नलचा मीटर मात्र जागचा हलत नव्हता.

एक सिग्नल, अनेक टॉवर

सिमलकास्ट म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, तोच मजकूर अनेक टॉवरांवरून सोडणं. शहर आणि आसपासचा भाग भरून काढायला दहा टॉवर लागत असतील आणि प्रत्येकाला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यायची झाली तर स्पेक्ट्रम पुरायचा नाही. सिमलकास्टमध्ये त्याच मूठभर फ्रिक्वेन्सी सगळ्या टॉवरांवर चालतात. त्यासाठी प्रत्येक टॉवरवर जीपीएसला बांधलेलं घड्याळ असतं. त्यावरून वाहक लहरीची फ्रिक्वेन्सी आणि प्रत्येक बिट सोडायची वेळ, दोन्ही जुळवून ठेवतात.

टॉवरवर सगळं जुळलं तरी तुमच्या अँटेनापर्यंत पोचायला लागणारा वेळ सारखा नसतो. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात साधारण ३०० मीटर जाते. भावानं अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या परवान्यांच्या नोंदींतून टॉवरांचे अक्षांश-रेखांश काढले आणि नकाशावर अंतरं मोजली. पूर्वेला सर्वात जवळचा टॉवर ६ किलोमीटरवर. पश्चिमेला एक २१ किलोमीटरवर. बाकीचे अंतरानं आणि अडथळ्यांनी बरेच मागे पडलेले. या दोहोंतला फरक १५ किलोमीटर, म्हणजे ५० मायक्रोसेकंद. (दोन्ही टॉवर अगदी एकाच क्षणी सोडतात असं इथे धरलं आहे. काही यंत्रणांत एखाद्या टॉवरला मुद्दाम काही मायक्रोसेकंद मागे ठेवतात, म्हणजे दोघांचे प्रदेश जिथे एकमेकांवर चढतात तिथे उशिराचा फरक कमी पडतो.)

पी२५ च्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४८०० चिन्हं जातात आणि प्रत्येक चिन्हात दोन बिट असतात. एका चिन्हाला २०८ मायक्रोसेकंद. त्यातले ५० म्हणजे जवळपास पाव चिन्ह. प्रत्येक चिन्हाचा पहिला पाव भाग चालू असताना दुसऱ्या टॉवरवरून आधीचं चिन्ह अजून येतच असतं. युरोपातला डिजिटल टीव्ही किंवा डीएबी हा डिजिटल रेडिओ, अशा पद्धतींत हजारभर वाहक असतात, चिन्हं लांबलचक असतात आणि दोन चिन्हांच्या मध्ये मुद्दाम राखलेला जादा वेळ असतो, त्यामुळे असा उशीर तिथे पचून जातो. १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद पी२५ चॅनेलला ती सोय नाही.

एफएमची जुनी सवय इथे उपयोगी पडायला हवी होती. दोन सिग्नलांतला एक पुरेसा वरचढ असेल तर एफएम रिसीव्हर त्यालाच धरतो आणि दुसरा जणू नाहीसा होतो. मोकळ्या हवेत ६ आणि २१ किलोमीटर या अंतरांतच जवळच्या टॉवरला सुमारे ११ डीबीचा फायदा मिळतो. मग घोटाळा का?

कारण अँटेना पश्चिमेच्या खिडकीत होती. तिथे मीटर भरपूर वर गेलेला दिसला म्हणून भावानं ती तिथेच चिकटवली. पण त्या खिडकीच्या आणि पूर्वेच्या टॉवरच्या मध्ये अख्खं घर उभं होतं: भट्टीची पत्र्याची नळकांडी, स्वयंपाकघरातला फ्रिज, भिंतींत अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं इन्सुलेशन. अकरा डीबीचा फायदा घरानं गिळला आणि लांबचा टॉवर जवळच्याच्या बरोबरीला आला. मीटर फक्त बेरीज मोजतो, ती एका टॉवरची की दोन तुल्यबळ टॉवरांची हे त्याला कळत नाही, म्हणून मीटरला चांगली वाटलेली जागा डीकोडरच्या दृष्टीनं वाईट निघाली.

ध्वनी फाइल का चालेना

मी पुण्यात, तो मिनेसोटात. तेव्हा मी त्याला नमुना पाठवायला सांगितला. त्यानं पाठवली ती एफएम रिसीव्हरच्या मोडमध्ये काढलेली वेव्ह फाइल, म्हणजे डिस्क्रिमिनेटरचं (सिग्नलमधून फक्त फ्रिक्वेन्सी काढणाऱ्या भागाचं) आउटपुट. डीएसडीसारखी जुनी डीकोडर सॉफ्टवेअर अशाच आउटपुटवर चालत आली आहेत, त्यामुळे तीच पाठवावीशी वाटणं साहजिक आहे. पण या दुखण्याचं निदान त्या फाइलमधून धूसर दिसतं आणि उपचार तर होतच नाही. ते का, यावर थोडं थांबतो, कारण सगळं प्रकरण याच सांध्यावर फिरतं.

पी२५ चे चार स्तर आहेत: वाहकापासून +१८००, +६००, −६०० आणि −१८०० हर्ट्झ. एका चिन्हाच्या वेळात १८०० हर्ट्झनं फेज (लहर आपल्या फेरीत कुठवर पोचली ते) १३५ अंश पुढे जाते आणि ६०० हर्ट्झनं ४५ अंश. म्हणजे फ्रिक्वेन्सीचे स्तर मोजा किंवा एका चिन्हापासून पुढच्यापर्यंत फेज किती वळली ते मोजा, मजकूर तोच मिळतो. पहिल्या वाटेनं जाणारा रिसीव्हर सिग्नलचा मोठेपणा कापून सपाट करतो आणि फक्त फ्रिक्वेन्सी काढतो. हा डिस्क्रिमिनेटर. एकाच टॉवरचा सिग्नल असेल तर त्यात काहीच वावगं नाही.

आता दोन टॉवर घ्या. पहिल्याची ताकद १ आणि दुसऱ्याची ०.९ धरू, म्हणजे एक डीबीहूनही कमी फरक. पहिल्यावर नवं चिन्ह +१८०० चं सुरू झालंय, दुसऱ्यावर जुनं −१८०० चं अजून चालू आहे. दोघांची फेज एकमेकांच्या नेमकी उलट आली की बेरजेचा मोठेपणा उरतो ०.१. त्याच क्षणी बेरजेची तात्कालिक फ्रिक्वेन्सी किती? १८०० अधिक १६२० भागिले ०.१. उत्तर येतं ३४,२०० हर्ट्झ. खऱ्या सिग्नलनं १८०० च्या फार पुढे जाऊ नये अशी अपेक्षा आणि इथे त्याच्या एकोणीस पट उंच काटा उभा राहतो.

काटा अगदी थोडा वेळ टिकतो, म्हणून पुढच्या फिल्टरनं तो बोथट होईल असं वाटतं. बोथट होतो खरा, पण त्याचं क्षेत्रफळ कुठे जात नाही. त्या झटक्यात फेज अर्ध्या फेरीइतकी उडालेली असते. अर्धी फेरी एका चिन्हाच्या वेळावर पसरली की २४०० हर्ट्झची चूक होते. दोन लगतच्या स्तरांत अंतर १२०० चं. म्हणजे चिन्ह एका नव्हे, दोन स्तरांनी सरकू शकतं.

यातली खरी हानी मोठेपणा फेकून देण्यात आहे. ज्या क्षणी बेरीज ०.१ वर आली होती तो क्षण भरवशाचा नाही, हे त्याच्या लहानपणावरूनच कळत होतं. डिस्क्रिमिनेटरच्या आधीच्या लिमिटरनं (मोठेपणा कापून सपाट करणाऱ्या भागानं) ती माहिती पुसली आणि सर्वात बेभरवशाच्या क्षणाला सर्वात मोठा आवाज दिला. शिवाय दोन टॉवरांची बेरीज अँटेनावर सरळ रेषीय बेरीज असते, म्हणून ती उलगडायला रेषीय फिल्टर पुरतो. लिमिटरमधून गेल्यावर ती तशी राहत नाही. मग पुढे कितीही हुशार इक्वलायझर (अशी विकृती उलटी फिरवणारा फिल्टर) लावा, तो ज्या गणितासाठी बनलाय ते गणितच शिल्लक नसतं.

म्हणून मी त्याच्याकडे आयक्यू नोंद मागितली, म्हणजे मोठेपणा आणि फेज दोन्ही जपणारी कच्ची फाइल. डोंगलच्या पूर्ण रुंदीची फाइल सेकंदाला २४ लाख नमुन्यांनी ४.८ मेगाबाइट खाते, मिनिटाला २८८. त्यातून फक्त कंट्रोल चॅनेलभोवतीची पट्टी कापून सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर आणली की मिनिटाला बारा मेगाबाइटांच्या आत बसते. ती ईमेलनं आली.

पट्टीत फिरणारा खड्डा

फाइल उघडल्यावर सर्वात आधी मी वॉटरफॉल (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकद आहे याचं वेळेनुसार सरकणारं चित्र) पाहिला, तोही नेहमीपेक्षा खूप ताणून, नुसते सहा किलोहर्ट्झ पडदाभर. कंट्रोल चॅनेलचा सिग्नल एरवी सपाट माथ्याच्या टेकाडासारखा दिसतो. इथे त्या माथ्यात एक काळी खाच होती आणि ती हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे चालत होती. खाच पट्टीच्या मधोमध आली की संदेश तुटायचे. कडेला गेली की संदेश पुन्हा नीट.

पन्नास मायक्रोसेकंदांच्या अंतरानं येणाऱ्या दोन सारख्या सिग्नलांच्या बेरजेत दर २० किलोहर्ट्झला एक खाच पडते. सीक्यूपीएसके (हे टॉवर वापरतात ती फेजवर आधारलेली मॉड्युलेशन पद्धत) सिग्नलची जवळजवळ सगळी ताकद मध्यापासून दोन्हीकडे तीन किलोहर्ट्झच्या आत असते. म्हणून एकतर एक खाच पट्टीत येते, नाहीतर दोन खाचांच्या मधल्या मोकळ्या जागेत पट्टी बिनधोक बसते. हे ठरतं दोन वाहकांतल्या फेजवर. आणि ती फेज स्थिर नसते. ८५० मेगाहर्ट्झवर फ्रिक्वेन्सीत एक अब्जांशाच्या दशांशाइतका फरक राहिला तरी ०.०८५ हर्ट्झ होतात. सोयीसाठी ०.१ धरा. दहा सेकंदांत फेज एक पूर्ण फेरी मारते, खाच सेकंदाला दोन किलोहर्ट्झनं सरकते आणि सहा किलोहर्ट्झची पट्टी ओलांडायला तिला सुमारे तीन सेकंद लागतात. सात सेकंद नीट, तीन सेकंद बिघाड, हा भावाच्या पडद्यावरचा हेलकावा असा उलगडला. प्रत्यक्षात जीपीएसला बांधलेली घड्याळं शून्याच्या आजूबाजूला भटकतात, म्हणून लय इतकी घोटीव नसते. कधी खाच पट्टीत येऊन रेंगाळते.

याच गणितातून आणखी एक कोडं सुटलं. भावाचं म्हणणं होतं की कधी कंट्रोल चॅनेल ठणठणीत असतो, गट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर गेला ते बरोबर कळतं, पण तिथे गेलं की आवाज तुटका. दर २० किलोहर्ट्झला खाच असेल तर २५ किलोहर्ट्झ पलीकडच्या चॅनेलवर फेजचं चित्र पाव फेरीनं वेगळं असतं आणि त्याहून लांबच्या चॅनेलवर आणखी कुठेतरी. त्यामुळे प्रत्येक चॅनेलचं नशीब त्या-त्या क्षणी वेगळं असतं. कंट्रोल चॅनेल चांगला म्हणजे सगळं चांगलं, असं धरून चालता येत नाही.

अँटेना वीतभर सरकवून "आता झालं बरं" असं मानणाऱ्यांची फसगत कशी होते तेही इथे दिसतं. ८५० मेगाहर्ट्झला लहरलांबी ३५ सेंटिमीटर. दोन टॉवर समोरासमोरच्या दिशांना असतील तर अँटेना त्या रेषेत फक्त ९ सेंटिमीटर हलवली की दोघांतली फेज अर्धी फेरी बदलते आणि पट्टीतली खाच बाहेर जाते. मन खूश होतं. थोड्या वेळानं घड्याळं सरकतात आणि खाच परत येते. फेज बदलून टिकाऊ काही मिळत नाही, दोघांच्या ताकदीचं गुणोत्तर बदलायला हवं.

डीकोडरच्या नोंदीही वाचण्यासारख्या होत्या. पी२५ चं सिंक २४ चिन्हांचं असतं आणि ती सगळी बाहेरच्या दोन स्तरांची, +१८०० आणि −१८०० यांची. आतले स्तर त्यात नाहीतच. त्यानंतर येणारा नेटवर्क ओळख शब्द बीसीएच कोडानं इतका भक्कम केलेला आहे की ६३ बिटांतल्या ११ चुका तो दुरुस्त करतो. त्यामुळे खराब क्षणीही सिंक सापडत होतं, नेटवर्कची ओळख पटत होती आणि नेमका संदेशाच्या सीआरसीवर (मजकूर शाबूत आहे का ते तपासणाऱ्या बिटांवर) बिघाड दिसत होता. सिंक सापडलं म्हणजे सिग्नल चांगला असा अर्थ काढू नये.

आवाजाचं गणित निराळं आहे. आयएमबीई व्होकोडर (आवाजाचे बिट करणारा भाग) दर २० मिलिसेकंदांना ८८ बिटांचा आवाज देतो आणि त्याला चुका सुधारणारे बिट जोडून १४४ होतात. महत्त्वाच्या बिटांना गोले कोडाचं कवच, त्याहून कमी महत्त्वाच्यांना हॅमिंगचं, शेवटचे सात उघडे. चुका फार झाल्या की डीकोडर आधीची चौकट, म्हणजे आधीचा २० मिलिसेकंदांचा तुकडा, पुन्हा वाजवतो आणि तरीही जमलं नाही तर गप्प होतो. भावाचा रोबोट म्हणजे ही पुन्हा वाजवलेली चौकट.

उपचार

पहिली दुरुस्ती फुकटातली होती. त्याच्या ट्रंक-रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये मॉड्युलेशन एफएसके४ (फ्रिक्वेन्सीचे चार स्तर मोजणारं) ठेवलेलं होतं, ते क्यूपीएसके (फेज मोजणारं) केलं. ओपी२५ हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हाच पर्याय सीक्यूपीएसके या नावानं मिळतो आणि एसडीआरट्रंक या तिसऱ्यात चॅनेलच्या सेटिंगमध्ये सी४एफएमऐवजी (एफएसके४ चंच पी२५ मधलं नाव) सिमलकास्ट, म्हणजे एलएसएम निवडायचं असतं. बरेच सिमलकास्ट टॉवर मुळात हेच रेषीय मॉड्युलेशन सोडतात. सी४एफएमपेक्षा ते टॉवरांतल्या उशिराला जास्त सोसतं, म्हणूनच ते आणलं गेलं. जुने सी४एफएम रिसीव्हरही ते कसंबसं वाचतात. त्यामुळे चुकीचं सेटिंग लगेच उघडं पडत नाही, ते फक्त अवघड जागी दगा देतं.

या वाटेनं गेल्यावर आत काय होतं? सिग्नल आयक्यू रूपातच राहतो. चॅनेलचा फिल्टर, मग चिन्हाचा नेमका मध्य शोधणारं गार्डनरचं वेळ-जुळणी वर्तुळ (१९८६), मग प्रत्येक चिन्ह आधीच्या चिन्हाच्या कॉन्जुगेटनं (फेज उलटी केलेल्या रूपानं) गुणून फेज किती वळली ते काढणं आणि उरलेला फ्रिक्वेन्सीचा फरक कोस्टास वर्तुळानं (चूक मोजून स्वतःला दुरुस्त करत राहणाऱ्या साखळीनं) खाणं. फिल्टर बेरीज करतो ती मोठेपणासकट. म्हणून ०.१ वर आलेल्या क्षणाचं वजन त्यात ०.१ एवढंच पडतं. जो क्षण डिस्क्रिमिनेटरमध्ये ३४ किलोहर्ट्झचा काटा होता, तो इथे जवळजवळ निःशब्द होतो.

फरक मोठा पडला. आकडा बहुतांश वेळ पस्तिशीच्या वर राहू लागला. खाच मधोमध आली की अजूनही घसरायचा, पण पाचावर नाही.

इथे एक वेगळाच अडथळा मधे आला, तो सांगायला हवा, कारण तो सिमलकास्टसारखाच दिसतो आणि सिमलकास्ट नसतो. एका रात्री सिग्नल ठाम, कॉन्स्टेलेशनचे (चिन्हांची फेज दाखवणाऱ्या चित्राचे) चार ठिपके घट्ट आणि संदेश शून्य. चार दिशांच्या फेज पद्धतीत सगळं चित्र ९० अंश फिरलं तरी वर्तुळाला ते बरोबरच दिसतं. एका चिन्हात ९० अंश म्हणजे ४८०० चा चौथा हिस्सा, १२०० हर्ट्झ. ८५० मेगाहर्ट्झवर १२०० हर्ट्झ म्हणजे दीड पीपीएमहूनही (दशलक्षात दीड भागाहूनही) कमी चूक. त्याचा डोंगल स्वस्तातला, तापमानाची भरपाई न करणाऱ्या क्रिस्टलचा होता. खोली गार झाली तसा तो सरकला आणि वर्तुळानं चुकीच्या जागी पकड घेतली. ओपी२५ अशा वेळी सिंकचं फिरलेलं रूप ओळखून १२०० ची ट्यूनिंग चूक असल्याचं नोंदवतं. त्याला तापमान भरपाईचा डोंगल घ्यायला सांगितलं, तो प्रश्न तिथे मिटला. घट्ट ठिपके आणि शून्य संदेश दिसले की ट्यूनिंग तपासावं. पसरलेले, वर्तुळाकार पुसटलेले ठिपके आणि खालीवर होणारे संदेश दिसले की सिमलकास्ट.

दरम्यान मी इथे त्याच नोंदीवर ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये एक इक्वलायझर लावून पाहिला. पद्धत गोदार यांनी १९८० साली मांडलेली, कॉन्स्टंट मॉड्युलस. तिला कुठला प्रशिक्षणाचा मजकूर लागत नाही. चिन्हाच्या मध्यावर सीक्यूपीएसकेचा मोठेपणा सारखाच असायला हवा एवढंच तिला ठाऊक असतं आणि त्या दिशेनं ती फिल्टरचे गुणांक ढकलत राहते. चिन्हामागे दोन नमुने आणि अकरा गुणांक एवढ्यावर चित्र खूप सावरलं. पेच होता पावलाच्या आकारात. पाऊल लहान ठेवलं तर खाच पुढे निघून जाते आणि इक्वलायझर मागून पोचतो. मोठं ठेवलं तर तो स्वतःच थरथरतो.

खाच भरून काढायची म्हणजे तिथला कमकुवत भाग वाढवायचा आणि त्यासोबत तिथला नॉइजही वाढतो. इथे मात्र भावाचे ते ३५ डीबी कामाला आले. इतकी शिल्लक असली की वीसेक डीबीची खाच भरूनही वाचण्याइतकं उरतं. ताकदीचा उपयोग आहे, फक्त तो रेषीय साखळी आणि इक्वलायझर असेल तेव्हाच वसूल करता येतो. यंत्रणेसाठी बनवलेले हातातले रेडिओ हेच सगळं आत करत असतात, म्हणून त्याच रस्त्यावर अग्निशमन दलाच्या माणसाला ऐकू येतं आणि खिडकीतल्या डोंगलला येत नाही. हौशी स्कॅनरांच्या बाजारात युनिडेन कंपनीनं २०१८ मध्ये एसडीएस१०० आयक्यू पद्धतीनं काढला तेव्हा सिमलकास्ट प्रदेशात राहणाऱ्यांनी तो उचलून धरला, त्याचं कारणही हेच.

पण हा इक्वलायझर रास्पबेरी पायवर, प्रत्येक आवाजी चॅनेलसाठी चालवत बसण्याची गरज उरली नाही, कारण दुसरा उपाय त्याहून सोपा निघाला.

अँटेना पूर्वेच्या खोलीत गेली. काचेला चिकटवायची वीतभर दांडी काढून छोटी यागी, म्हणजे एकाच दिशेला जास्त ऐकणारी अँटेना घेतली, तिचं तोंड ६ किलोमीटरवरच्या टॉवरकडे आणि पाठ लांबच्याकडे. आता घराची पत्र्याची नळकांडी आणि इन्सुलेशन लांबच्या टॉवरच्या आड आले. अंतराचे ११ डीबी परत मिळाले, वर यागीच्या पाठीमागची घट. गुणोत्तर काय करतं ते त्याच सूत्रात घालून पाहा: ०.९ ऐवजी दुसऱ्याची ताकद निम्मी असेल, म्हणजे ६ डीबी कमी, तर सर्वात वाईट क्षणाचा काटा ३४,२०० वरून ५४०० वर येतो. १२ डीबी कमी असेल तर ३००० वर. पट्टीतली खाचही तितकीच उथळ होते.

भावाला सर्वात जास्त आश्चर्य मीटरचं वाटलं. "अरे दादा, सिग्नल कमी दाखवतोय की!" दाखवत होताच, कारण अ‍ॅम्प्लिफायर काढून टाकायला लावला होता. आठ बिटांच्या डोंगलला शेजारच्या सेल्युलर पट्ट्यातली ताकद आधीच जड होते, त्यात आणखी भर घालून फायदा नव्हता. गेन अशी ठेवली की नॉइजचा तळ जेमतेम उचलला जाईल आणि तिथून पुढे नाही.

आता आकडा ३९-४० वर असतो आणि अग्निशमनाचे संदेश सलग ऐकू येतात. दोन फ्रिक्वेन्सींवर अजून अधूनमधून शब्द तुटतो. तिथे बहुधा दक्षिणेकडचा तिसरा टॉवर बाजूनं आत येतोय. यागी थोडी उत्तरेकडे वळवून त्याला तिच्या पॅटर्नमधल्या दरीत टाकता येतो का ते भाऊ पुढच्या शनिवारी बघणार आहे. त्यासाठी त्याला मीटर बंद ठेवायला आणि फक्त संदेशांचा आकडा व ताणलेला वॉटरफॉल समोर ठेवायला सांगितलंय. प्रत्येक कोनाला निदान दोन-तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे घड्याळांच्या भटकण्यात खाच एकदा तरी पट्टीतून जाऊन येईल आणि तो कोन खरंच चांगला आहे की नाही ते कळेल.